पटवारी धुऱ्यावर बसलाय

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात मला कोणी भित्री म्हणत नाही. उलट सुभद्राबाईच्या तोंडाला लागू नये, असं म्हणतात. पण तोंड मोठं असलं म्हणजे काळीजही मोठं असतं असं थोडंच आहे? पऱ्हाटीच्या ओळीत वाकून बोंडातला कापूस ओढायला लागले की माझी पाठ उघडी पडते, आणि त्या पाठीवर कोणाचे तरी डोळे आहेत असं वाटत राहतं. दोन वर्षं झाली, ते काही जात नाही.

आमचं गाव भीमपूरकडचं, पैनगंगेच्या अलीकडचं. पलीकडे महाराष्ट्रातलं जंगल. तिथल्या वाघांना तेलंगणा कुठून सुरू होतो ते कोणी सांगितलेलं नाही. कापूस फुटायच्या दिवसांत नदी उतरते आणि ते इकडे येतात. आमच्या वावरात पऱ्हाटी कमरेच्या वर, तूर डोक्याच्या वर. लपायला आणखी काय हवं! जंगलखात्याची माणसं दर हंगामात येऊन सांगतात, एकटे जाऊ नका, पळू नका, वाकू नका. वाकू नका म्हणे! कापूस काय उभ्याने हात जोडून मागायचा? मागच्या साली त्यांनी माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे वाटले, मानेमागे बांधायला. समोर तोंड दिसलं की वाघ झडप घालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुखवट्याची दोरी गळ्याला काचते म्हणून रेणुकाबाईने आपला बुजगावण्याला घालून टाकला. रेणुकाबाई म्हणजे आमच्या शेजारची, वेचणीच्या टोळीत सगळ्यांत मोठी.

आमचा खरा भरवसा पटवारीवर होता.

पटवारी म्हणजे आमचा कुत्रा. तांबडा, एक कान फाटलेला, नऊ वर्षांचा. पिल्लू होता तेव्हापासून रोज सकाळी वावराच्या चारही धुऱ्यांवरून फेरी मारल्याशिवाय खाली बसायचा नाही. धुरा म्हणजे शेताचा बांध. म्हणून माझ्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, त्याला पटवारी नाव ठेवलं. हा मोजणी फुकट करतो, असं पाहुण्यांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

वेचणीत त्याचं काम ठरलेलं. वाऱ्याकडे नाक करून धुऱ्यावर बसायचं. तो बसलेला असला की आम्ही आठ बाया वेचणार. तो उठून भुंकला तर डुक्कर, रोही म्हणजे नीलगाय, नाहीतर परका माणूस, ओरडून हाकलायचं. पण तो उठला, भुंकला नाही, आणि शेपूट आत घालून गुपचूप आमच्या पायांत येऊन उभा राहिला, तर वेचणी तिथेच टाकायची, एकमेकींना धरायचं आणि बैलबंडीकडे चालू लागायचं. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा असा माझ्या पायांत शिरला तेव्हा मी त्याला लाथ घातली होती, कामात मध्ये येतो म्हणून. तो हलेना. चिडून मान वर केली, तर दोन ओळींपलीकडे वाघ बसलेला. गालावरचे पांढरे केस दिसतील इतका जवळ. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग तो कंटाळल्यासारखा उठला आणि तुरीत निघून गेला. त्या लाथेची मला अजून लाज वाटते.

या भादव्यात पटवारी धुऱ्यावरून उतरताना घसरला. तसा तो आधीपासूनच अवघडून उठायचा. आता आधी पुढचे पाय टेकायचा, मग थांबायचा, मग कण्हत मागचं अंग वर ओढायचा, आणि कधी कधी अर्ध्यातूनच परत खाली बसायचा. बाकीच्यांना तो लंगडा कुत्रा दिसत होता. मला दुसरंच दिसत होतं. वेचणीत पटवारी बसलेला आहे म्हणजे रानात काही नाही, की त्याच्याने उठवत नाही? हे कसं ओळखायचं? सात बाया माझ्या "चला" म्हणण्यावर वावरात उतरतात.

मीच गोपाळरावांच्या मागे लागले आणि आम्ही त्याला आदिलाबादजवळ मावल्याला नेलं. तिथे डॉक्टर मीनल यांचा जनावरांचा दवाखाना आहे. तीन पिढ्यांपासून आदिलाबादेत राहिलेल्या मराठी घरातली पोरगी, वयाने माझ्या सुनेएवढी. तिने हाडांचा फोटो काढला आणि बोटाने दाखवलं.

"काका, मागचा खुबा झिजलाय. पडल्यामुळे आणखी दुखावलाय. याच्याच रक्तातनं औषध काढून याच्याच खुब्यात घालता येतं. रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यात जखम भरून आणणारा जो भाग असतो तेवढा वेगळा घ्यायचा."

"म्हंजे ताक घुसळून लोणी काढल्यावाणी?" गोपाळराव म्हणाले.

"तसंच समजा. पण म्हातारा कुत्रा तरणा होणार नाही. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. दुखणं कमी झालं, नीट उठता-बसता आलं, तर पुष्कळ."

"उठला पाह्यजे," मी म्हणाले. "बाकी काही नोको. उठता आलं पाह्यजे."

तिने त्याला गुंगीचं औषध दिलं, खुब्यावरचे केस साफ केले, मानेतून रक्त काढलं. यंत्र घरघरत होतं तोवर मी त्याचा पुढचा पंजा धरून बसले होते. मग पिवळसर पाण्यासारखं काहीतरी नळीत घेऊन तिने लांब सुईने आत घातलं. निघताना तिने मलाच समोर उभं केलं.

"मावशी, नीट ऐका. तीन आठवड्यांनी दुसरी सुई. सहा आठवडे दोरीत ठेवायचा, पळणं नाही, उडी नाही. पहिले काही दिवस सूज येईल, जास्तच लंगडेल. ती सूज म्हणजेच औषध काम करतंय. दुखण्याची गोळी देऊ नका. शेकू नका. वरून काही लावू नका. काही म्हणजे काहीच नाही."

"हो," मी म्हणाले. माझं हो फार स्वस्त आहे.

तिसऱ्या दिवशी खुबा टम्म सुजला. पटवारी ओसरीवर पडून बारीक आवाजात रडायचा. गोपाळराव म्हणाले, डॉक्टरीणबाईनं सांगतलंच होतं. सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि ते रडणं ऐकणं वेगळं. आमच्या घरात गुडघा धरला, कंबर धरली, की खोबऱ्याच्या तेलात कापूर विरघळवून चोळतात. माझ्या आईने चोळलं, सासूने चोळलं, मी रोज स्वतःला चोळते. एवढ्याशा तेलाने काय बिघडणार आहे! मी गोपाळरावांच्या नकळत त्या उघड्या कातडीवर बोटभर तेल लावलं. पटवारी शांत झाला. त्याने ते चाटलं, मी पुन्हा लावलं. मग सकाळ-संध्याकाळ लावतच गेले. सूज उतरली तरी लावत गेले. तुम्ही म्हणाल, माया. माया होतीच. पण खरं सांगायचं तर भीती जास्त होती. बोंडं फुटायला लागली होती आणि मला तो कुत्रा धुऱ्यावर हवा होता.

त्याला वावरात न्यायचं का, असं डॉक्टरीणबाईला फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, बंडीत घालून न्या, बांधून ठेवा, चालवू नका. तसा तो सीतादहीच्या दिवशी वावरात आला. पहिल्या वेचणीआधी आम्ही शेतात खडे मांडून पूजा करतो, दहीभाताचा निवद दाखवतो, त्याला सीतादही म्हणतात. दर साली मी दहीभाताच्या डब्याचं झाकण काढलं रे काढलं की पटवारी वावराच्या दुसऱ्या टोकावरून हजर व्हायचा. या साली मी पानावर वाढून त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवलं, तरी तो दुसरीकडेच बघत राहिला. पान तोंडाला टेकवलं तेव्हा कुठे खाल्लं.

"पाह्य वं, पटवारी सुदरला," रेणुकाबाई म्हणाली. "समोर ठेवलेलं घेऊन नाई राह्यला!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पाय दुखत असेल म्हणून मन लागत नसेल, असं वाटलं.

वेचणीच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. ऊन कलायला लागलं होतं. गोपाळराव रिकामी पोती आणायला गावात गेले होते. बंडी वावराच्या तोंडाशी सोडलेली, बैल तिथेच बांधलेले. पटवारी मधल्या धुऱ्यावर, पोत्यावर, खुंट्याला दोरी. आम्ही आठ जणी ओळीने वेचत तुरीकडे सरकत होतो. माझी कमरेची कापसाची ओटी अर्धी भरली होती. प्रत्येक दोन झाडांनंतर मी मान वर करून बघत होते. पटवारी बसलाय. पुन्हा दोन झाडं. बसलाय.

मग बैलांकडे लक्ष गेलं. डावा बैल रवंथ करायचा थांबला होता. कान तुरीकडे, मान ताठ.

"बैल काऊन असा पाहून राह्यला?" मी विचारलं.

"माशी चावली असन," रेणुकाबाई म्हणाली. "पटवारी बसला हाये ना?"

"बसला हाये."

"मंग वेच नं गुमान. रोज तुय तेच."

मी दोन बोंडं ओढली. बैलाने दोरीला हिसका दिला. तुरीवर मघापासून चिवचिवणारी पाखरं गप्प झाली होती, ती कधी गप्प झाली ते मला सांगता येईना. पटवारी बसलेला. मी ओळ सोडून धुऱ्याकडे गेले, त्याला उठवून बघावं म्हणून.

तो पंज्यांवर हनुवटी टेकून पडला होता, डोळे उघडे. मला बघून शेपटीने दोनदा पोतं झोडलं. वारा तुरीकडून सरळ आमच्या तोंडावर येत होता, आणि त्याचं नाक हलतसुद्धा नव्हतं. मी त्याच्या डोक्याशी वाकले आणि मला कापराचा वास आला. सकाळी लावलेलं तेल त्याने नेहमीसारखं चाटलं होतं. सगळं थोबाड तेलकट, नाकाचा शेंडा चकचकीत. मला दहीभाताचं पान आठवलं. हातभर अंतरावर ठेवलेलं, आणि तो दुसरीकडे बघत होता.

त्याला वासच येत नव्हता. पाय बरा करता करता मी त्याचं नाक मारलं होतं, आणि त्या मेलेल्या नाकाच्या भरवशावर सात बाया पाठी वाकवून तुरीच्या तोंडाशी उभ्या होत्या. ओरडावं तर त्या पळतील, न ओरडावं तर...

"रेणुकाबाई," मी हळू म्हणाले, पण ऐकू जाईल इतकं. "वेचणं थांबवा. समद्या एका जागी या. पळू नोका."

"काऊन? पटवारी तं बसला हाये."

"त्याच्यावर भरवसा ठेवू नोका. त्याले वास येत नाई. म्या त्याले रोज कापराचं तेल लावून राह्यली होती. डॉक्टरीणबाई नाई म्हणे, तरी लावलं."

मला वाटलं, आता माझी आई-बहीण निघणार. पण त्या एकमेकींच्या कोपराला धरून, तोंडं सगळीकडे करून, बंडीकडे निघाल्या. रेणुकाबाई सगळ्यांत मागे. ती वळून म्हणाली, "दोरी सोड त्याची अन् चाल. येते तो मांगून."

नुसती दोरी सोडून मी चालू लागले असते तर तो धुऱ्यावरून उडी मारून आला असता, आणि खुब्यात घातलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. आणि नसता आला तर? तर तिथेच राहिला असता. मी दोरी सोडली आणि त्याला उचलायला वाकले. वाकू नका, वाकू नका, असं ती माणसं सांगत आलेली. माझा मुखवटा बंडीला लटकत होता. वाकल्यावर पाठीचं कातडं असं ताठ झालं, की आता नख लागेल, आता लागेल. एवढी मी बाळंतपणातही भ्याले नव्हते.

नऊ वर्षांचा कुत्रा, गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढा. मी त्याला खांद्यावर घेतला. एक हात त्याच्या मागच्या अंगाखाली, खुबा दुमडू नये म्हणून. त्याचं डोकं माझ्या खांद्यावरून मागे लोंबलं. बंडी शंभर पावलांवर असेल. वीसेक पावलं गेले असेन, आणि पटवारी एकाएकी लाकडासारखा ताठ झाला.

त्याने पाहिलं होतं. नाक नसलं तरी डोळे होते. तो भुंकला नाही. थरथरायला लागला, आणि त्याच्या मुताची गरम धार माझ्या छातीवरून खाली आली. खूण मिळाली होती. माझ्या मागे वाघ होता.

पळू नकोस, पळू नकोस, असं मी मोठ्याने म्हणत होते, असं रेणुकाबाईने नंतर सांगितलं. मला काहीच आठवत नाही. एवढंच आठवतं की पटवारीने मान फिरवली नाही. माझ्या मानेमागे तो तोंड करून राहिला, डोळे सताड उघडे, थरथरत, पण तिकडेच बघत. मुखवटा बंडीला होता. माझ्या मागे खरं तोंड होतं.

बंडीपाशी बायांनी डब्यांची झाकणं बडवायला सुरुवात केली. डाव्या बैलाने दोरी तोडली आणि तो गावाकडे धावला. मला हातांनी ओढून त्यांनी बंडीत घेतलं, तेव्हा मी वळून पाहिलं. तुरीचे शेंडे एका रेघेत हलत गेले आणि थांबले. बाकी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी जंगलखात्याच्या माणसांनी वाघाच्या पंज्यांचे ठसे शोधले. ते तुरीतून निघून मधल्या धुऱ्यापर्यंत आले होते, पटवारीच्या पोत्यापाशी थांबले होते, आणि तिथून परत फिरले होते.

दुसऱ्या सुईला मावल्याला गेलो. डॉक्टरीणबाईने खुब्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि विचारलं, "काही लावलं होतं का?"

"छ्या! काही नाई," गोपाळराव म्हणाले. त्यांना अजून माहीत नव्हतं. बायांनी गावात एक अवाक्षर काढलं नव्हतं.

"लावलं," मी म्हणाले. "म्या लावलं. कापूर."

ती चिडली, आणि चिडावंच. कापूर कुत्र्याला विष असतो, कातडीतूनही आत जातो, हा जगला हेच नशीब, असं तिने मला चांगलं सुनावलं. मी तोंड मोठं करणारी बाई, पण खाली मान घालून ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, "नाक येईन का परत?"

"नाक येईल बहुतेक."

"अन् पाय?"

"आता नाही सांगता येत, मावशी. सुई देते. थांबून पाहावं लागेल."

थांबणं म्हणजे काय ते मला विचारा. टोळी वेचायला आली नाही, आणि मी बोलवायलाही गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? कापूस बोंडातून लोंबून मातीत पडत होता. गोपाळराव डबा बडवायचे आणि मी वेचायचे, सकाळचे दोन तास, वावराच्या गावाकडच्या बाजूला तेवढं. पटवारी घरी दोरीत. त्याला मी आता फक्त पाणी आणि भाकर देत होते, आणि रोज हातभर अंतरावर थोडं दही ठेवून बघत होते. नवव्या दिवशी त्याने मान वळवली. मी चुलीपाशी बसून रडले.

सहा आठवडे झाले, दोरी सुटली. तो अंगणात हळूहळू फिरायचा, लंगडणं कमी दिसायचं. पण उठायचा तो माझी पाठ वळलेली असताना. कधी, कसा, ते मला नीट बघायला मिळायचं नाही. मग रेणुकाबाई स्वतःच दारात आली. "उरलेला कापूस काय मातीत घालतं? चाल, आमी येतो. त्याले घे संगं."

शेवटची वेचणी. पटवारी आपल्या पायांनी मधल्या धुऱ्यावर गेला आणि वाऱ्याकडे नाक करून बसला. मी दोन बोंडं ओढायचे आणि बघायचे. बसलाय. त्याचं नाक हलत होतं. दुपारपर्यंत मी शंभरदा बघितलं असेल.

आणि मी बघत असतानाच तो उठला. एका दमात. आधी पुढचे मग मागचे, असं नाही. थांबला नाही, कण्हला नाही. भुंकलाही नाही. शेपूट आत घालून धुऱ्यावरून उतरला आणि पऱ्हाटीच्या ओळीतून सरळ माझ्याकडे चालत आला, आणि माझ्या पायांत उभा राहिला.

रेणुकाबाईने हातातला कापूस टाकून दिला. आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर, "पाह्यलं का वं? कसा उठला!"

"अवं मेले, चाल आधी!"

आम्ही एकमेकींना धरलं आणि बंडीकडे निघालो. मागे काय होतं ते मी पाहिलं नाही. मी माझ्या पायांशी बघत होते. चारही पंजे एकामागून एक मातीला टेकत होते, आणि या खेपेला मला त्याला उचलावं लागलं नाही.